अप्पांना सांभाळायचे दिवस

४ जानेवारी

न्यूरोच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, मोबाईल कमी, टीव्ही बंद, आणि रोज चार ओळी हातानं लिहायच्या. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, "जे झालं ते."

झालं असं. दोह्याच्या स्पर्धेत, तिसऱ्या मॅचला, समोरची पोरगी बॉल घेऊन सुटली होती. मी तिला आडवी पाडायला गेले आणि तिचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. पुढचं मला बाकीच्यांनी सांगितलं. मी उठले, खेळत राहिले आणि शेवटच्या मिनिटाला त्यांच्या रेषेपलीकडं जाऊन बॉल जमिनीला टेकवला. रग्बीत त्याला ट्राय म्हणतात. त्या ट्रायनं आपल्याला पदक मिळालं. भारताच्या मुलींना इतकं मोठं पदक आधी मिळालं नव्हतं.

पेपरात सगळीकडं तोच फोटो आहे. बॉल छातीशी, तोंड उघडं. लोक त्यावर माझी सही मागतात. मी देते. मला ती मॅच आठवत नाही.

मॅच संपल्यावर ओकले तेव्हा टीमच्या डॉक्टरांना कळलं. मी त्यांना बोलले नव्हते. डोक्याला लागायची ही माझी पाचवी खेप. इथल्या मॅडमना मी दोन सांगितल्यात.

मार्चमध्ये पुण्यात कॅम्प, एप्रिलमध्ये आशियाई स्पर्धा. ती खेळायची आणि मग सोडायचं. कॅप्टन म्हणून शेवटची. हे नक्की आहे.

८ जानेवारी

घरी बरं आहे. आई सकाळी भाकरी करते त्याचा आवाज डोक्यात जातो, पण तिला कसं सांगणार. पडदे लावून बसते.

अप्पांचं काही तरी बिघडलंय. कंपनीतून रिटायर झाल्यापासून त्यांना करमत नसावं. मी उठले की उठतात, मी गच्चीवर गेले की जिन्यात येऊन बसतात. आज कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले तर चपला घालून तयार.

"कुठं चालली?"

"दूध आणायला."

"थांब, मी बी येतो. पाय मोकळे करायचेत."

सगळा रस्ता माझ्या उजव्या हाताला, गाड्यांच्या बाजूनं चालले. दुकानात मला म्हणाले, "दूध घ्यायचं होतं ना?" मी बिस्किटं बघत होते. दूध मी घेणारच होते. आता ते प्रत्येक गोष्ट अशी दोनदा विचारतात. गॅस बंद केला का. नळ बंद केला का. आमचे अप्पा, सर्जेराव, कंपनीत शिस्तीचा माणूस म्हणून ओळखले जायचे. म्हातारपण असं एकदम येतं वाटतं.

१२ जानेवारी

मुकुंदवाडीत सत्कार झाला. स्टेशनच्या रस्त्याला मोठं बॅनर लावलंय, त्यावर मी, आणि खाली बारा जणांचे फोटो ज्यांना मी ओळखत नाही. माजी नगरसेवक काकासाहेब बोलले. मला वाघीण म्हणाले. ही पोरगी शाळेत खो-खो खेळायची, हिला आमच्या शाळेनं घडवलं, म्हणाले. ते खरं आहे. खो-खोच्या मैदानावरूनच आमच्या रग्बीच्या सरांनी मला आणि माझ्या टीममधल्या स्वरालीला उचललं होतं. तेव्हा रग्बी काय हे आम्हाला माहीत नव्हतं. सर म्हणाले होते, पळता येतं ना, मग पडायला मी शिकवतो.

मला बोलायला उभं केलं. मी सगळ्यांचे आभार मानले. सरांचं नाव घेतलं नाही, नुसतं "आमचे सर" म्हणाले. सर म्हटलं की सगळ्यांना कळतंच. खाली बसले तेव्हा अप्पा हळूच म्हणाले, "विश्वजित सर." मी म्हटलं, "माहितेय मला."

टाळ्या खूप वेळ वाजल्या. शेजारच्या घरात कुणाचा तरी वाढदिवस चालू आहे आणि आपण भिंतीच्या अलीकडं बसलोय, तसं वाटलं. आनंद झाला असं लिहायला पाहिजे. झाला नाही. वाईटही वाटलं नाही.

१४ जानेवारी

तिळगुळाचा पाक करपला. आई म्हणाली होती ढवळत राहा. मी ढवळत होते. अप्पा दारात उभे होते त्यामुळं लक्ष उडालं असेल. धूर झाला तेव्हा त्यांनीच पातेलं उचललं आणि हात भाजून घेतला.

आई आली तर तेच म्हणाले, "माझ्यामुळं करपला गं. मी हिच्याशी बोलत बसलो."

ते काही बोलत नव्हते. पण त्यांना आता आठवत नसेल.

२१ जानेवारी

स्वराली आली होती. ती टीमची व्हाइस कॅप्टन. सिडकोत राहते, आईवडील दोघं बँकेत, घरात कुणी कधी मैदानात गेलेलं नाही. रग्बीच्या पहिल्या दिवशी पांढरे बूट घालून आली होती आणि मी तिला मुद्दाम चिखलात पाडलं होतं. तेव्हापासून मला ताई म्हणते.

कॅम्पच्या आधी डोक्याची चाचणी असते. एका पायावर उभं राहायचं, शब्द सांगतील ते लक्षात ठेवायचे, महिने उलटे म्हणायचे. मी घरी सराव करते. तिला म्हणून दाखवले, न थांबता: डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, ऑगस्ट, जुलै, जून, मे, एप्रिल, मार्च, जानेवारी. एकदम सुसाट.

ती म्हणाली, "परत एकदा म्हण ना."

"कशाला? जमलं की."

तिनं बोटांवर काही तरी मोजलं. मग म्हणाली, "ताई, तुला खरंच बरं वाटतंय का?"

"तुला कॅप्टन व्हायचंय का?" मी विचारलं. चेष्टेत. तिचं तोंड उतरलं. आजकाल लोकांना चेष्टा कळत नाही. जाताना जिन्यात अप्पांशी बराच वेळ बोलत होती. मला वाटतं तिनंही त्यांच्यातला बदल ओळखला असावा.

२९ जानेवारी

स्कूटीवर हर्सूल तलावाला गेले. तिथं मी वर्षानुवर्षं पळालेय, पहाटे, बाकीचे झोपेत असताना. आज पळाले नाही, नुसती बसले. पाणी बघितलं. काही वाटलं नाही, पण डोकं दुखलं नाही, हे बरं.

येताना रस्ते बदललेत. सगळीकडं खोदून ठेवलंय, कुठून वळायचं कळत नाही. हर्सूल जेलवरून सरळ यायचं ते मी कुठं तरी वळले आणि भलत्याच बाजूला, छावणीत निघाले. बाजाराचा दिवस होता. माणसं, हातगाड्या, कोंबड्या, कर्णे. उन्हात सगळं पांढरं दिसायला लागलं. मी गाडी लावून एका पायरीवर बसले. एक बाई म्हणाली, "बेटी, पानी पियेगी?" पाणी प्यायले. घराचा पत्ता तिला सांगता आला असता, पण कशाला सांगायचा. अप्पांना फोन केला.

ते रिक्षानं आले. ओरडतील वाटलं होतं. पायरीवर माझ्या शेजारी बसले.

"लई खोदलंय," मी म्हणाले.

"व्हय. मी बी हुकतो कधी कधी."

हे ऐकून मला काळजी वाटली. या माणसानं चाळीस वर्षं या गावात सायकल चालवलीय. आईला सांगायला पाहिजे, त्यांना आता एकटं सोडायचं नाही.

१ फेब्रुवारी

स्कूटीची चावी सापडत नाही. अप्पांनीच शेवटची ठेवली होती. कुठं ठेवली म्हणून विचारलं तर म्हणतात, "ध्यानात नाय." आईसुद्धा शोधत नाही. मेथी निवडत बसते.

माझ्या जॅकेटच्या खिशात चिठ्ठी सापडली. अप्पांच्या अक्षरात घरचा पत्ता आणि त्यांचा फोन नंबर. स्वतःसाठी लिहून ठेवली आणि जॅकेट चुकलं. मी ती गुपचूप त्यांच्या शर्टाच्या खिशात घातली. संध्याकाळी ती परत माझ्या जॅकेटात होती. आता काय बोलायचं. राहू दिली.

५ फेब्रुवारी

(अप्पा म्हणतात आज सहा आहे. कॅलेंडरवर खूण करायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलंय आणि तेच चुकतात.)

मॅडमकडं गेलो. मेंदूचा फोटो चांगला आलाय, सूज नाही. पण त्या म्हणाल्या, "फोटोत सगळं दिसत नाही. झोप? चिडचिड? विसरणं?"

"काही नाही," मी म्हणाले.

त्यांनी अप्पांना विचारलं, "घरी कशी असते?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. कॅम्पचं त्यांना माहीत आहे. ही स्पर्धा माझ्यासाठी काय आहे तेही माहीत आहे. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली.

"चांगली असते," ते म्हणाले.

मॅडमनी तरीही सर्टिफिकेट दिलं नाही. मार्चमध्ये परत सगळ्या चाचण्या करू, तोपर्यंत मैदान बंद, म्हणाल्या. खाली चहा घेतला. अप्पांनी बशीत ओतता ओतता निम्मा टेबलावर सांडला. मी रुमालानं पुसून दिला. मॅडमना त्यांनाच दाखवायला हवं होतं.

१५ फेब्रुवारी

विश्वजित सरांचा फोन. कॅम्पच्या आधी मुलींना सराव म्हणून पुढच्या रविवारी छावणीच्या मैदानावर मॅच ठेवलीय. "तू येऊन बस, पोरींना बरं वाटेल. खेळायचं मात्र डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच."

"दिलंय सर," मी म्हणाले. "घेऊन येते."

खोटं बोलताना छातीत धडधडतं म्हणतात. मला काही झालं नाही. नळ बंद करावा तसं वाक्य पुरं केलं आणि फोन ठेवला. पूर्वी मी अशी नव्हते. पूर्वी राष्ट्रगीताला रडायचे, हरलो की बसच्या मागच्या सीटवर रडायचे, पोरी चिडवायच्या. आता मला वाटतं रडायचं जिथून येतं तिथंच कुणी तरी गुडघा मारलाय.

दहाच मिनिटं खेळणार. कळायला तर पाहिजे, येतंय की नाही.

२३ फेब्रुवारी

खेळले.

आईला म्हणाले स्वरालीकडं जाते. अप्पा बरोबर निघाले. नको म्हटलं तर ऐकेनात, म्हणून घेऊन गेले आणि मैदानाच्या कडेला झाडाखाली बसवलं. सर सर्टिफिकेट मागतील म्हणून त्यांचं लक्ष दुसऱ्या टीमकडं असताना बूट बांधले आणि एका पोरीला बाहेर बोलावून तिच्या जागी गेले. स्वराली धावत आली. "ताई, सरांना विचारलंस?" मी म्हटलं, "मी कॅप्टन आहे."

पहिल्यांदा बॉल हातात आला तेव्हा कुणी तरी अंगावर आलं. मी पडले, उठले. डोक्याला लागलं नाही, खांद्यावर पडले. मग घोळक्यातून बॉल परत माझ्याकडं आला आणि मी वळले तर समोर कुणीच नाही. सगळं मोकळं मैदान. इतकी मोकळी वाट मला अकरा वर्षांत कधी मिळाली नव्हती. पळाले. मागून सगळ्या ओरडत होत्या, ताई, ताई. पाय चालत होते, श्वास चालत होता. बरं वाटलं असं लिहिते. बरं वाटलं होतं.

आणि समोर अप्पा.

मैदानाच्या मधोमध, चपला घालून, दोन्ही हात पसरून उभे. टोपी कुठं तरी पडलेली. दोन ढांगा आधी थांबले म्हणून बरं, नाही तर त्यांच्या अंगावरच गेले असते.

"अप्पा, इकडं कुठं आलात? वाट चुकलात का?"

त्यांना धाप लागली होती. 

"व्हय," म्हणाले. "चुकलो. मला बाहेर नेऊन सोड."

मी बॉल तिथंच ठेवला, त्यांचा हात धरला आणि हळूहळू त्यांना कडेला घेऊन आले. मॅच थांबली होती. पोरी आहे तिथं उभ्या होत्या. स्वराली रडत होती, तिला कुठं तरी लागलं असावं. सरांनी मला परत जाऊ दिलं नाही. मीही हट्ट केला नाही, अप्पांना अशा अवस्थेत सोडून कसं खेळणार. रिक्षानं घरी आलो. रस्ताभर त्यांनी माझा हात सोडला नाही.

पुढच्या वेळी त्यांना घरीच ठेवायला पाहिजे.

२४ फेब्रुवारी

सकाळी मी आईला म्हणाले, "अप्पांना डॉक्टरला दाखवू. काल भर मैदानात आले. म्हातारे झालेत ते."

आई भांडी विसळत होती. नळ बंद केला. माझी आई, साळूबाई, कधी आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही.

"तुझा बाप म्हातारा नाय झाला," ती म्हणाली. "तू उलटी पळत होतीस."

"काय?"

"आपल्याच रेषेकडं. ती स्वराली तुझ्या मागं 'उलटं, उलटं' वरडत होती. चावी त्यानंच लपवलीय. चिठ्ठी तुझ्यासाठीच हाय. दीड महिना तो माणूस तुझ्या मागं सावलीसारखा फिरतोय, अन् तू म्हणतीस म्हातारा झाला. लई झालं आता. मला बघवत नाय."

मी स्वरालीला फोन केला. तिनं आधी अप्पा कसे आहेत विचारलं. मग म्हणाली, एका मुलीच्या भावानं मोबाईलवर मॅचचा व्हिडिओ घेतलाय. पाठव म्हटलं. पाठवला.

मी पळतेय. चांगली पळतेय, पाठ सरळ. सहा पोरी माझ्या मागून धावतायत. समोरच्या टीमच्या पोरी जागच्या हलल्याही नाहीत, त्यांना कळतच नाहीये काय चाललंय. मग एका बाजूनं एक माणूस पळत येतो. अप्पांना मी पळताना कधी पाहिलं नव्हतं.

दोनदा पाहिला. मला वाटलं आता काही तरी होईल आत. भूक लागली. जेवले. अप्पा समोर जेवत होते. त्यांच्याकडं बघितलं नाही, त्यांनीही बघितलं नाही. भाजी कसली होती आठवत नाही, आणि आता ते लिहायलाही भीती वाटते.

२७ फेब्रुवारी

मॅडमना सगळं सांगितलं. पाच वेळा लागलं, दोन नव्हे. मग अप्पा बोलले. त्यांना सगळं लक्षात होतं. कोणत्या दिवशी दूध विसरले, पाक, छावणी, सप्टेंबर. महिने उलटे म्हणताना मी तो गाळला होता, हे स्वरालीनं सांगितलं म्हणे. शेवटी म्हणाले, "मागल्या खेपेला मी खोटं बोललो मॅडम. पोरीचं मन मोडायची हिंमत झाली नाय."

मॅडम रागावल्या नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "रग्बी संपली. कॅम्प नाही, सराव नाही, मैत्रीची मॅचसुद्धा नाही. आणखी एक धक्का बसला तर मी काहीच करू शकणार नाही."

अप्पांनी विचारलं, "बरी व्हईल ना?"

"बरंच परत येईल. वेळ लागेल. सगळं येईल असं आज सांगता येणार नाही."

मी विचारलं, "दोह्याची मॅच आठवेल का?"

"ती बहुतेक नाही."

बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, उसाचा रस घेऊ. घेतला.

३ मार्च

सरांना फोन करून सांगितलं. सर्टिफिकेटचं खोटं होतं हेही सांगितलं. ते म्हणाले, "मी कागद बघायला पाहिजे होता." मी म्हटलं, तुमच्या खेळाडूवर विश्वास ठेवलात. मग कॅप्टन कुणाला करायचं ते बोललो. स्वराली कॅप्टन.

पेपरात परत तोच फोटो आला.

१९ मार्च

बरेच दिवस लिहिलं नाही. रोज सकाळी अप्पा आणि मी मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत चालत जातो, बाकावर बसतो, परत येतो. एक दोन गाड्या जातात. मी त्यांच्या डाव्या हाताला चालते. आता विचारत नाही का म्हणून.

आज त्यांनी महिने उलटे विचारले. फेब्रुवारी राहिला. त्यांनी सांगितला. मी परत म्हणाले.

१२ एप्रिल

आज आपली पहिली मॅच होती. मॅडमनी थोडा वेळ टीव्ही बघायला परवानगी दिलीय, आवाज कमी करून. आईनं पडदा ओढला. अप्पा आले आणि माझ्या शेजारी गादीवर बसले.

स्वराली टीमला घेऊन बाहेर आली. राष्ट्रगीत झालं. मी माझ्याकडं लक्ष ठेवून होते, काही होतंय का. नाही.

मॅच सुरू झाली. थोड्या वेळानं अप्पा म्हणाले, "ह्या पोरी बॉल मागं का फेकतात? पुढं जायचं ना?"

मला वाटलं चेष्टा करतायत. "अप्पा, नियमच आहे तो. पुढं फेकता येत नाही. पळायचं पुढं, द्यायचा मागं."

"असं हाय व्हय."

"तुम्हाला माहीत नाही? अकरा वर्षं पेपरवाल्यांना मुलाखती दिल्यात."

"तुझ्या आईला विचारून द्यायचो," ते म्हणाले. आई दारात उभी होती. "तुझी म्याच लागली की मी गच्चीवर जायचो. ही खालून हाक मारायची, संपली, पोरगी धड हाय. मंग उतरायचो. एक बी बघितली नाय मी."

"एकही नाही? दोह्याचीसुद्धा?"

"कुणी तरी तुला धरून आपटायलंय, अन् मी समोर बसून बघू?" त्यांनी टीव्हीवरून नजर काढली नाही. "लोकं म्हणायची, सर्जेराव, काय खेळली पोरगी. मी म्हणायचो, व्हय, लई भारी. अन् आत देवाला म्हणायचो, आता बास कर. पण तुला कधी बास म्हणालो नाय. तू लई खूश असायचीस गं तिथून फोन केला की."

स्वरालीनं डावीकडून एकीला चकवलं आणि सुटली. मी पुढं सरकले. मागून दोघी तिच्यावर येत होत्या. रेषेच्या अलीकडंच तिला पाडलं, पण पडता पडता तिनं बॉल मागं दिला आणि नवीन आलेल्या पोरीनं तो नेऊन टेकवला. अप्पांनी टाळी वाजवली, मग माझ्याकडं बघितलं, वाजवू की नको म्हणून.

"हे बरोबर ना?" त्यांनी विचारलं.

 आई आली आणि पदरानं माझं तोंड पुसायला लागली, तेव्हा मला कळलं की ते ओलं आहे. थांबतच नव्हतं. ती नुसती पुसत राहिली.

"बरोबर," मी म्हणाले. "याला ट्राय म्हणतात."

शिट्टी झाली. पोरी पाणी प्यायला लागल्या. अप्पांनी विचारलं, "संपलं?"

"नाही. अर्धीच झालीय."

"मंग बस," ते म्हणाले आणि पाठीमागं उशी लावून नीट टेकले. "त्या घोळका करून ढकलत होत्या, ते कशासाठी, सांग बरं आता."